परत आलात की कळवा: एकट्याने लाँग रनला जाणाऱ्या ग्राहकांसाठी

रविवारी पहाटे दुगाव, गिरणारे किंवा पार काश्यपी धरणापर्यंत एकटेच धावायला जाणारे आमचे बरेच ग्राहक आहेत. त्यांच्यासाठी दुकानात एक वही ठेवली आहे. आदल्या दिवशी येऊन किंवा मेसेज करून तिच्यात रूट, निघायची वेळ, परतायची वेळ आणि घरचा एक नंबर नोंदवायचा. पैसे नाहीत. बूट आमच्याकडचेच हवेत अशीही अट नाही.

जाताना सगळे अगदी नीट लिहितात. घोळ होतो तो परत आल्यावर. दोन शब्दांचा मेसेज, ‘घरी पोचलो’, तेवढा राहून जातो.

मागच्या थंडीतली गोष्ट. गिरणाऱ्याहून साडेआठला परतणारे एक ग्राहक नऊ वाजले तरी बेपत्ता, फोन उचलेनात. घरी फोन केला तर वहिनी घाबरल्या. मी आणि दुकानातला मुलगा बाइक काढून निघालो, वाटेतल्या प्रत्येक टपरीवर ‘पिवळा टी-शर्ट, चष्मा, पाहिलात का?’ विचारत गेलो. साहेब गंगापूर रोडला मित्रांबरोबर मिसळीची दुसरी प्लेट खात होते, फोन स्कूटरच्या डिकीत! त्या दिवशी दुकान साडेअकराला उघडलं. सुखरूप सापडले याचा आनंदच आहे, पण असं महिन्यातून दोनदा झालं तर तिसऱ्या वेळी आमचाही पाय लवकर निघणार नाही, आणि नेमका तेव्हाच कुणी खरोखर पाय मुरगळून पडलेला असायचा.

‘लाइव्ह लोकेशन चालू असतं, मग वही कशाला?’ हा नेहमीचा प्रश्न. धरणांच्या मागच्या बाजूला रेंज येते-जाते. रेंज गेली की नकाशावरचा ठिपका शेवटच्या जागी थांबतो. घरच्यांना वाटतं, पाणी पीत असेल. वहीत परतायची वेळ असते, त्यामुळे काळजी कधी सुरू करायची ते ठरलेलं असतं. अर्धा तास वाट पाहतो, मग तुम्हाला फोन, मग घरी, मग बाइक. वाटेत रूट बदलावासा वाटला तर रेंज असेपर्यंत तेही कळवा, नाहीतर आम्ही गिरणाऱ्यात शोधू आणि तुम्ही त्र्यंबक रोडला असाल.

बाकी बहुतेक तुम्हाला माहीत आहेच. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून आपण उजवीकडून, समोरून येणारी गाडी दिसेल असं धावायचं. आंधळं वळण उजवीकडे असेल तर मात्र आधीच नीट पाहून बाजू बदला. द्राक्षांच्या हंगामात पिकअप आणि ट्रॅक्टर पहाटेच सुरू होतात, आणि ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. एक कान तरी मोकळा ठेवा.

निऑन टी-शर्टवर फार विसंबू नका. तो रंग उजेडात उठून दिसतो, अंधारात नाही. अंधारात चमकते ती रिफ्लेक्टरची पट्टी, तीही हेडलाइट तिच्यावर पडला तरच. म्हणून जॅकेटबरोबर आम्ही लुकलुकणारा लाल दिवाही दाखवतो. गळ्यात पाडायला दाखवतो असं काहींना वाटतं. दुसरीकडून घेतलात तरी चालेल, पण घ्या.

बिबट्याबद्दल हल्ली रोज विचारणा होते. उसाच्या कडेचे रस्ते पुरतं उजाडेपर्यंत टाळा. जानेवारीत सूर्यच सातनंतर उगवतो, पाचला निघायची घाई कसली? दिसलाच तर पळू नका, वाकू नका. हात वर करून मोठ्याने ओरडा, तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरका. वनखात्याची हेल्पलाइन 1926, बाकी कशालाही 112. आमच्याकडच्या शिट्टीचा इथे उपयोग होतो.

वस्तीवरची कुत्री मागे लागली तर धावणं थांबवून चालत जा. चावलं, नुसता ओरखडा जरी निघाला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. हळद भरून घरी बसू नका.

वही काउंटरच्या डाव्या हाताला आहे. पेन दोरीने बांधलंय, कारण आधीची चार गेली.