ध्येय गाठल्यानंतर शरीर टिकवताना: व्यायामशाळेच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

ठरवलेले वजन किंवा मनाजोगी शरीरयष्टी मिळवल्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. हे पत्रक आम्ही मुद्दाम याच टप्प्यावर आपल्या हाती देत आहोत, कारण आमचे सभासद सर्वाधिक अडखळतात ते वजन उतरवताना नव्हे, तर ते उतरल्यानंतरच्या वर्षभरात. ध्येय गाठेपर्यंत काट्यावर किंवा आरशात दर थोड्या दिवसांनी काही ना काही बदल दिसतो आणि त्यातूनच उत्साह मिळतो. पुढे मात्र सगळे नीट चालले असले तरी डोळ्यांना दिसेल असे काहीच घडत नाही. मग व्यायाम हळूहळू सुटतो, किंवा काहीतरी घडावे म्हणून आधीच बेताचे असलेले जेवण आणखी कमी केले जाते. या दोन्हींपासून आपल्याला वाचवावे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

व्यायाम किती कमी करता येतो?

आता जन्मभर आठवड्यातून पाच दिवस यायचे का, असा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कमावताना जेवढे श्रम पडले, त्यापेक्षा पुष्कळ कमी श्रमांत कमावलेले टिकते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहभागी व्यक्तींनी १६ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम केला आणि पुढच्या ३२ आठवड्यांत काहींचा व्यायाम मूळच्या एक तृतीयांशावर, तर काहींचा चक्क एक नवमांशावर आणला गेला. २० ते ३५ या वयोगटातील लोकांचे स्नायू एवढ्यावरही टिकले. ६० ते ७५ या गटाची ताकद बरीचशी राहिली, परंतु स्नायूंचा वाढलेला आकार राहिला नाही. म्हणूनच साठीच्या पुढच्या सभासदांनी आठवड्यातून दोन दिवसांच्या खाली येऊ नये, असा आमचा आग्रह असतो.

यात एक अट मात्र पाळावीच लागते: सेट (म्हणजे सलग केलेल्या आवर्तनांच्या फेऱ्या) कमी करावेत, उचलायचे वजन कमी करू नये. समजा, आपल्या नोंदवहीत स्क्वॉटसमोर (खांद्यावर वजन घेऊन काढायच्या बैठका) ‘६० किलो, ८ रेप, ४ सेट, आठवड्यातून दोनदा’ असे लिहिलेले आहे; रेप म्हणजे एका सेटमधील आवर्तने. टिकवण्याच्या काळात तिथे ‘६० किलो, ८ रेप, ३ सेट, आठवड्यातून एकदा’ असे लिहिले तरी चालेल. ‘४० किलो, ८ रेप, ४ सेट’ असे लिहून चालणार नाही, मग ते करताना घाम कितीही येवो. स्नायूला टिकून राहण्याचे कारण मिळते ते भारामुळे, आणि तो भार गेला की शरीर तो स्नायू सांभाळत बसत नाही. दमसासाचेही असेच आहे. १९८० च्या दशकातील प्रयोगांत आठवड्याचे सहा दिवस दोनवर आणूनही ज्यांनी व्यायामाचा जोर तोच ठेवला, त्यांची क्षमता १५ आठवडे टिकली. दिवस सहाच ठेवून ज्यांनी जोर बराच कमी केला, त्यांची घटली.

आहार आणि भूक

उतरलेल्या वजनाच्या शरीराला आधीपेक्षा कमी ऊर्जा लागते. हलके शरीर चालवायला, उचलायला श्रम कमी पडतात, हा त्यातला सरळ भाग झाला. शिवाय शरीर स्वतःहूनही काटकसर करू लागते. त्याच सुमारास भूक वाढवणारे घ्रेलिन वाढलेले असते आणि तृप्ती कळवणारे लेप्टिन घटलेले असते. २०११ सालच्याच दुसऱ्या एका अभ्यासात वजन घटवल्यानंतर वर्ष उलटले तरी ही संप्रेरके पूर्वपदावर आली नव्हती. ध्येय गाठूनही सतत भूक लागते म्हणून स्वतःला दोष देणारे सभासद आम्ही रोज पाहतो. त्यांना आम्ही कळकळीने सांगू इच्छितो की हा मनाचा कच्चेपणा नाही, ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे आणि तिच्यासाठी आधीपासून तयारी ठेवता येते.

आहार एकदम पूर्वीसारखा करू नये. रोजच्या जेवणात साधारण १०० ते १५० कॅलरींची भर घालून दोन आठवडे थांबावे, वजन स्थिर राहिले तर पुन्हा तेवढीच भर घालावी आणि वजन हलू लागेल तिथे थांबावे. प्रथिने मात्र कमी करू नयेत. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांना शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम पुरतात, म्हणजे ७० किलोच्या व्यक्तीला ११२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

आहार वाढवल्यावर पहिल्याच आठवड्यात काटा किलो-दीड किलोने वर जाऊ शकतो आणि नेमके इथेच अनेक जण घाबरून पुन्हा उपाशी राहू लागतात. स्नायूंत साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. वाढलेले हे वजन बहुतांशी तेच असते, चरबी नव्हे. म्हणून एका दिवसाचा आकडा न पाहता आठवड्याची सरासरी पाहावी, आणि महिन्यातून एकदा सकाळी, पोट रिकामे असताना, बेंबीच्या रेषेत टेप लावून कंबर मोजावी. सरासरी सलग दोन आठवडे दोन किलोने वर राहिली, तर मात्र आम्हाला भेटावे.

ज्यांनी स्पर्धेसाठी किंवा फोटोसाठी चरबी अगदी खाली आणली आहे, त्यांना स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्या दिवसाचे शरीर वर्षभर टिकवण्यासाठी नसते. सतत थंडी वाजणे, झोप मोडणे, चिडचिड होणे किंवा पाळी बंद होणे ही लक्षणे दिसल्यास आहार वाढवावा आणि विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

प्रवास, आजारपण किंवा घरचे कार्य यामुळे खंड पडणारच. दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीने ताकद फारशी जात नाही. दमसास आधी कमी होतो, पण एकदा कमावलेले पहिल्यापेक्षा लवकर परत येते, म्हणून खंड पडला या संकोचाने येणे टाळू नये. परतताना नोंदवही सोबत आणावी. शेवटच्या नोंदीतील वजनाच्या सुमारे दोन तृतीयांशापासून सुरुवात करून हळूहळू पूर्वीच्या वजनावर नेणारा तक्ता आपले ट्रेनर त्याच दिवशी आखून देतील.