गाडी आपण निवडतो, पण तिचं माप कोण ठरवतं?

ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजायची टेप घेऊन उतरा आणि ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, डिझायर या गाड्या पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत मोजा. पाचही गाड्या 3995 मिलिमीटर भरतील. कंपन्या चार, त्यातल्या दोन मुळात परदेशी, कुणाची एसयूव्ही तर कुणाची सेडान, आणि लांबी मात्र सगळ्यांची एकच, चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. हा योगायोग नाही आणि गिऱ्हाइकाने जाऊन "मला 3995 चीच पाहिजे" असंही कधी सांगितलेलं नाही.

हे माप आलंय 2006 च्या बजेटमधून. त्या वर्षी केंद्र सरकारने छोट्या गाड्यांवरची एक्साइज 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणली आणि "छोटी" म्हणजे काय तेही लिहून टाकलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 पर्यंत. पुढे 2017 ला जीएसटी आला तरी ही रेघ तशीच राहिली, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तर ती आणखी ठळक झालीय, रेघेच्या आत 18 टक्के आणि बाहेर 40 टक्के. दहा लाखाच्या गाडीवर एवढा फरक म्हणजे किती पैसे ते ज्याचं त्याने काढावं, पण कंपनीच्या इंजिनिअरला एवढं पुरेसं असतं, तो डिकी कापतो.

खरंच कापतो. पहिली स्विफ्ट डिझायर 2008 ला आली तेव्हा 4160 मिमी लांब होती. 2012 ची नवी डिझायर 3995 ची झाली, म्हणजे साडेसोळा सेंटिमीटर गेले आणि ते बहुतेक सगळे डिकीतून गेले. जुनी आणि नवी बाजूबाजूला उभी असेल तर बघा, मागची काच संपते आणि गाडी जणू तिथेच थांबते. टाटांनी तर त्याआधीच, 2008 मध्ये, इंडिगो सीएस आणून चार मीटरच्या आतली सेडान करून दाखवली होती. म्हणून मला "भारतीयांना छोटी सेडान आवडते" किंवा "भारतीयांना कॉम्पॅक्ट एसयूव्ही आवडते" अशी वाक्यं वाचली की पटत नाही, कारण त्या आवडीला साचा टॅक्सने दिलाय आणि आपण तो साचा आपल्या स्वभावाचा भाग समजतो.

आता हाच प्रकार जपानमध्ये बघा, तिथे तो जास्त जुना आणि जास्त कडक आहे. 1949 पासून तिकडे केई नावाचा छोट्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. आजचा नियम असा की लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर, इंजिन 660 सीसी, आणि कंपन्यांनी आपसात ठरवल्यासारखी 64 हॉर्सपॉवरची मर्यादा. यात बसलात तर टॅक्स कमी, इन्शुरन्स कमी, टोल कमी. परिणाम काय, तर जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त केई असतात आणि होंडाची एन-बॉक्स, जी दिसायला सरळ उभा डबा आहे, ती तिथली सगळ्यात जास्त खपणारी गाडी आहे. डबा का, तर लांबी-रुंदी बांधलेली असली की जागा काढायला उरते फक्त उंची, मग छप्पर 1.79 मीटरवर नेतात, मागचे दरवाजे सरकते करतात, म्हणजे शेजारच्या गाडीला दार लागत नाही.

आपल्याकडची वॅगन आर ही त्याच घराण्यातली. जपानमधली वॅगन आर 3395 मिमी आणि 660 सीसी, आपल्याकडची 3655 मिमी आणि 1.0 किंवा 1.2 लिटर. नाव एकच, उंच बसायची पद्धत एकच, पण दोन देशांच्या दोन रेघांमुळे अंग वेगळं. आणि जपानमध्ये गाडीचं पासिंग होण्याआधी पोलिसांकडून दाखला आणावा लागतो की घरापासून दोन किलोमीटरच्या आत तुमच्याकडे ही गाडी मावेल अशी जागा आहे. हा कायदा 1962 चा आहे. केई गाडीला यातही बरीच ढिलाई मिळते, खेड्यापाड्यात तर दाखलाच लागत नाही.

पार्किंगवरून अजून एक सांगतो, कारण घोडबंदरला किंवा खारघरला नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्याला हे लगेच कळेल. जपानी शहरांमध्ये मेकॅनिकल पार्किंगच्या बऱ्याच जुन्या यंत्रांमध्ये 1550 मिमीपेक्षा उंच गाडी जात नाही. म्हणून मझ्दाने सीएक्स-30 ही क्रॉसओव्हर, म्हणजे साधी कार आणि एसयूव्हीच्या मधली गाडी, 1540 मिमी उंचीची ठेवली आणि टोयोटाची सी-एचआर बरोबर 1550 ची. आपल्याकडे स्टॅक पार्किंगमध्ये खालचा कप्पा कुणाला आणि एसयूव्हीवाल्याने कुठे लावायची यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे होतं ते सगळ्यांना माहितीय, पण इथे बिल्डर गाडी बघून यंत्र बसवतो आणि तिकडे कंपनीने यंत्र बघून गाडी काढली.

अमेरिकेची गोष्ट उलट्या दिशेची. तिथे फोर्डची एफ-सिरीज ही पिकअप चाळीसहून जास्त वर्षं विक्रीच्या यादीत वर आहे. चार दाराची एफ-150 जवळजवळ 5.9 मीटर लांब असते, आपल्या सोसायटीच्या स्लॉटमध्ये तिचं तोंड बाहेर राहील. लोक म्हणतात अमेरिकन माणसाला मोठंच लागतं. मोठे रस्ते आहेत, पेट्रोलवर टॅक्स कमी आहे, हे सगळं खरं, पण त्याबरोबर कोंबडीचं भांडण पण बघायला हवं. साठच्या दशकात युरोपातल्या देशांनी अमेरिकन कोंबडीवर जकात वाढवली, त्याचा वचपा म्हणून अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के ड्युटी लावली, 1964 पासून. कोंबडीचं भांडण कधीच विसरलं गेलं, ड्युटी राहिली. त्यामुळे पिकअपच्या धंद्यात अमेरिकन कंपन्यांना बाहेरची स्पर्धा फारशी राहिली नाही, नफा तिथेच, मग जाहिराती आणि संशोधनही तिथेच. वर 1975 च्या इंधन बचतीच्या कायद्यात "कार" आणि "हलका ट्रक" यांना वेगळे नियम, ट्रकला सैल. एसयूव्ही कागदोपत्री हलका ट्रक ठरू शकते. मग सेडान कोण कशाला बनवेल?

नॉर्वेमध्ये 2024 ला विकल्या गेलेल्या सुमारे 1.28 लाख नव्या कारपैकी 88.9 टक्के इलेक्ट्रिक होत्या. तिथे इलेक्ट्रिक गाडीला 1990 पासून खरेदी टॅक्स आणि 2001 पासून व्हॅट 2022 पर्यंत पूर्ण माफ होता, आणि पेट्रोल-डिझेलवर मात्र भरमसाठ टॅक्स. थंडीत बॅटरीची रेंज कमी होते हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहितीय, तरी घेतात. चीनमध्ये शांघायला नंबर प्लेटचा लिलाव होतो, बीजिंगला 2011 पासून लॉटरी लागते, आणि बॅटरीवरच्या गाडीला हिरवी प्लेट त्यामानाने सहज मिळते, शांघायमध्ये तर बरीच वर्षं ती फुकट होती. ब्राझीलमध्ये 2003 पासून पेट्रोल आणि उसाचं इथेनॉल कुठल्याही प्रमाणात चालणारी फ्लेक्स इंजिनं आली, कारण इथेनॉलचे पंप तिथे सत्तरच्या दशकातल्या सरकारी योजनेपासून होतेच.

इथपर्यंत वाचून वाटेल की सगळं टॅक्सच ठरवतो, माणसाला आवडच नाही. तसं नाहीये, आणि त्याचा सगळ्यात चांगला पुरावा आहे जिम्नी, सुझुकीची डोंगर चढणारी जीपसारखी छोटी गाडी.

पाच दरवाज्यांची जिम्नी गुरुग्रामला बनते. जून 2023 मध्ये इथे आली, कौतुक भरपूर झालं पण खप बेताचाच राहिला. तीच गाडी जपानमध्ये जानेवारी 2025 च्या शेवटी जिम्नी नोमाड नावाने जाहीर झाली. सुझुकीचा अंदाज महिन्याला 1200 गाड्यांचा होता, चार दिवसांत साधारण 50 हजार ऑर्डर आल्या आणि बुकिंग बंद करावं लागलं. एकच कारखाना, एकच साचा!

आपल्याकडे जिम्नीचं इंजिन 1462 सीसी, म्हणून चार मीटरच्या आत असूनही टॅक्सची सवलत नाही. पण थांबा, पेट्रोल ब्रेझाचंही इंजिन तेवढंच आहे, तिलाही सवलत नाही, आणि ती जोरात खपते. फरक आतल्या जागेचा आहे. ब्रेझात पाच जण बसतात, जिम्नीत चार. मागे आई-बाबा, मध्ये मुलगी, डिकीत गावची पोती असा हिशोब करणाऱ्याला चार सीट म्हणजे अडचण, मग डोंगर चढायची ताकद कितीही असो. जपानमध्ये त्याच गिऱ्हाइकापुढे पर्याय होता तीन दारांची जिम्नी, तिला वर्षभराच्या वर वेटिंग, आणि मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून घुसायचं. त्याला दोन दारं जास्त मिळाली हेच खूप झालं.

अर्थशास्त्रात याचं गणित आहे. डॅनिअल मॅकफॅडन यांनी सत्तरच्या दशकात ते मांडलं आणि 2000 साली त्यांना नोबेल मिळालं. कल्पना अशी की माणूस एखादी वस्तू "आवडते" म्हणून एकटी निवडत नाही, समोरच्या प्रत्येक पर्यायाच्या किंमत, वेळ, जागा अशा गुणांना मनातल्या मनात वजन देतो आणि बेरीज ज्याची जास्त ते निवडायची शक्यता जास्त. सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी किती टक्के लोक ती वापरतील याचा सरकारी अंदाज 15 टक्के होता, मॅकफॅडन यांच्या गटाचा 6.3, आणि प्रत्यक्षात निघाले 6.2. गाड्यांच्या कंपन्या आजही याच धाटणीची मॉडेलं वापरतात. देश बदलला की दोन गोष्टी बदलतात, समोरचे पर्याय आणि वजनं. पर्याय बरेचसे सरकार ठरवतं, वजनं घर, कुटुंब, रस्ता. चीनमध्ये ऑडी ए6 मागच्या सीटसाठी मुद्दाम लांब करून विकतात कारण मालक मागे बसतो, आणि आपल्याकडे मर्सिडीजने 2017 पासून ई-क्लासही तशीच लांब करून दिलीय.

ठाणे-नवी मुंबईत सीएनजीच्या गाड्या एवढ्या का दिसतात तेही यातच आलं. पाइपलाइन इथे पोचलीय, महाराष्ट्रात सीएनजीवर रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा कमी आहे, आणि वाशी-ठाणे रोज करणाऱ्याच्या हिशोबात किलोमीटरमागच्या खर्चाला मोठं वजन. पंपावरची रांग आणि डिकीतली टाकी याला तो कमी वजन देतो.

मला जे टोचतं ते वेगळंच आहे. कायद्याच्या रेघेत लांबी आहे, इंजिन आहे, उंचीबद्दल अक्षर नाही. म्हणून गाड्या वर वाढतायत, बोनट छातीपर्यंत येतंय. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने 2023 मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास केला, त्यात बोनट 40 इंचांपेक्षा उंच असलेल्या गाडीखाली माणूस दगावण्याची शक्यता 30 इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या बोनटपेक्षा साधारण 45 टक्क्यांनी जास्त निघाली. आपल्या कॉम्पॅक्ट एसयूव्ही अमेरिकन पिकअपएवढ्या उंच नाहीत हे मान्य, पण कापूरबावडीला सर्व्हिस रोडवरून शाळेतली मुलं गाड्यांच्या मधून चालतात, फुटपाथ नाही, आणि त्या मुलांची उंची बोनटएवढीच असते.

2025 मध्ये राज्य सरकारकडून पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही असा विचार पुढे आला. मला तो हवाय. फक्त नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये जिथे स्टिल्टच, म्हणजे बिल्डिंगखालचं पार्किंगच, नाही तिथल्या माणसाचं काय करणार हे आधी ठरवा, आणि नियम लिहायला घ्याल तेव्हा त्यात जागेच्या मापासोबत बोनटची उंचीही लिहा. 2006 ला चार मीटर लिहिलं तर सहा वर्षांत डिझायरची डिकी कापली गेली होती.