पेकिंग ते बीजिंग

बॉम्बेचं मुंबई झालं तसंच पेकिंगचं बीजिंग झालं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. पण बदललं ते रोमन लिपीतलं स्पेलिंग. चिनी लिपीतली दोन अक्षरं, म्हणजे 'उत्तरेची राजधानी', मिंग सम्राट योंगलेने १४०३ मध्ये दिली. आजही तीच आहेत.

मधे एकदा नाव खरोखरच बदललं होतं. १९२८ मध्ये राष्ट्रवादी नेता च्यांग काय-शेकच्या पक्षाने राजधानी दक्षिणेतल्या नानकिंगला नेली. मग उत्तरेत दुसरी 'राजधानी' कशी चालेल? शहराला पेइपिंग, 'उत्तरेची शांतता', हे जुनं नाव पुन्हा चिकटवलं गेलं. सप्टेंबर १९४९ मध्ये कम्युनिस्टांनी ते काढून टाकलं. च्यांगचं सरकार जिथे निघून गेलं ते तैवान मात्र पुढे कित्येक वर्षं पेइपिंगच म्हणत राहिलं, आणि अमेरिकेचं परराष्ट्र खातंही. माओचं सरकार मानायचं नाही, तर त्याची राजधानी तरी कशाला मानायची! भारताने ते सरकार आधीच मान्य केलेलं असल्याने आपला १९५४ चा पंचशील करार पेकिंगमध्ये झाला तो पेकिंग याच नावाने.

'पेकिंग' हे रूप जुन्या युरोपीय मिशनऱ्यांच्या काळातलं. तेव्हाच्या उच्चारात 'क' होता. उत्तरेत पुढे त्याचा 'च' झाला, दक्षिणेकडच्या कॅन्टनीजमध्ये तो अजून आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टपाल खात्याने हेच स्पेलिंग उचललं आणि ते नकाशांवर पक्कं बसलं.

१९५८ मध्ये चीनने पिनयिन ही रोमन लेखनपद्धत स्वीकारली आणि १ जानेवारी १९७९ पासून परदेशी भाषांतल्या सरकारी कागदपत्रांत ती वापरायला घेतली. खरी गोम इथे आहे. पिनयिनमधला 'बी' म्हणजे आपला 'प' आणि 'जे' जवळपास आपला 'च'. त्यांचा 'पी' हा 'प'मध्ये हकार मिसळलेला. प्रमाण चिनीत आपल्यासारखा 'ब' नाहीच. म्हणजे देवनागरीत 'पेइचिंग' लिहिलं असतं तर उच्चार बराच जवळ गेला असता. आपण इंग्रजी स्पेलिंग समोर ठेवून कधी बीजिंग लिहिलं, कधी बेजिंग.

चीनलाही जुनं रूप पुरतं सोडवलेलं नाही. तिथलं नामांकित विद्यापीठ इंग्रजीत स्वतःला पेकिंग युनिव्हर्सिटीच म्हणवतं. जुन्या विमानतळावर उतरणाऱ्या बॅगांच्या टॅगवर पी-ई-के छापलेलं असतं, आणि २०१९ मध्ये उघडलेल्या नव्याकोऱ्या दाशिंग विमानतळाचा कोड आहे पी-के-एक्स.