ह्याला कनेक्ट करू की नुसतं फॉलो?

साकीनाक्याला आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा आहे. थ्री प्लाय, फाइव्ह प्लाय (म्हणजे तीन थरांची, पाच थरांची खोकी) रोजचं, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत मिठाईचे बॉक्स. यंदापासून भाचा माझ्याबरोबर धंद्यात आलाय. रविवारी मशीन बंद असतं, तेव्हाच काय ते धड बोलता येतं. परवा त्याने माझा फोन घेतला, लिंक्डइन उघडलं आणि ओरडलाच, "मामा, चौऱ्याऐंशी रिक्वेस्ट पडून आहेत! सगळ्या ॲक्सेप्ट करून टाकू?"

"हात लावू नकोस."

त्याला वाटलं, मामा जुन्या वळणाचा. खरं म्हणजे मामा एकदा पोळलेला आहे. ते सांगतोच, पण आधी त्या दोन बटणांचं बघू. कुणाच्याही प्रोफाइलवर जा, कनेक्ट आणि फॉलो जवळजवळच असतात. कुठलंही दाबा, त्या माणसाच्या पोस्ट आपल्याला दिसायला लागतात. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की दोन्ही एकच, कनेक्ट जरा जास्त भारदस्त, एवढंच.

फॉलो म्हणजे शिवाजी पार्कला भाषण ऐकायला जाणं. वक्त्याची परवानगी लागत नाही. जागा मिळेल तिथे बसा, कंटाळा आला की उठा. कनेक्ट म्हणजे माणसाला गाळ्यात बोलावून चहा पाजणं. समोरच्याने हो म्हणावं लागतं, मग दोघं एकमेकांच्या यादीत जातात आणि पैसे न भरता एकमेकांना थेट मेसेज करू शकतात. पण गाळ्यात आलेला माणूस नुसता चहा पीत नाही. भिंतीवरचा ऑर्डरचा बोर्डही वाचतो.

हा बोर्ड म्हणजे आपली कनेक्शनची यादी. सेटिंगमध्ये जाऊन बंद केली नसेल, तर आपल्या प्रत्येक कनेक्शनला ती दिसते. फॉलो करणाऱ्याला नाही दिसत. सगळा फरक इथे आहे आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्याच धंद्यातल्या एकाची रिक्वेस्ट आली. गाळा आमच्यापेक्षा मोठा, फोटोत टाय वगैरे. मी म्हटलं, एकाच धंद्यातले आहोत, ओळख असलेली बरी. ॲक्सेप्ट केलं आणि विसरलो. श्रावणात आमच्या एका फरसाणवाल्या पार्टीच्या पर्चेसच्या मॅडमचा फोन. "अहो, तुमच्या ओळखीच्या त्यांनी खोक्यामागे चाळीस पैसे कमी रेट दिलाय. काय करू?"

"माझ्या कुठल्या ओळखीच्या?"

त्यांनी नाव सांगितलं. झालं होतं असं: त्या गृहस्थाने माझी यादी उघडली, 'पर्चेस' लिहिलेली माणसं निवडली आणि एकेकाला रिक्वेस्ट पाठवली. मॅडमना ती आली तेव्हा खाली माझं नाव दिसत होतं, आमच्या दोघांचा सामायिक कनेक्शन म्हणून. त्यांनी माझ्या नावावर विश्वास ठेवला. दारावरच्या वॉचमनला "अमक्यांनी पाठवलंय" सांगून आत शिरावं, तसंच हे. फरक इतकाच की इथे खोटं बोलावंही लागत नाही, लिंक्डइनच सांगतं. त्या माणसाने चोरी केली असं मी म्हणणार नाही. दार मीच उघडलं होतं.

तीस हजार बॉक्सची ऑर्डर होती. मी रेट जुळवला, बारा हजार सोडले, पार्टी टिकली. त्या रात्री यादी बंद केली. पण ते बंद करणं अर्धंच औषध आहे. दोघांच्या यादीत असलेली सामायिक माणसं तरीही दिसतात. त्यामुळे खरा बंदोबस्त सेटिंगमध्ये नाही. दारात कुणाला घेतो, त्यात आहे.

स्पर्धकाला मग तोडायचं का? तोडता येतं, आणि रिमूव्ह केल्याचं त्याला कळवलंही जात नाही. पण त्याच्या पोस्ट मला वाचायच्याच असतात: कुठलं नवं मशीन घेतलं, कुठल्या प्रदर्शनात स्टॉल लावला. त्यासाठी फॉलो आहे की! रिमूव्ह केलं, फॉलो केलं.

फॉलोच्या बाजूला मी बरीच माणसं ठेवतो. रद्दीच्या आयातीवर आणि रद्दीपासून बनणाऱ्या क्राफ्ट पेपरच्या, म्हणजे खोक्याच्या तपकिरी कागदाच्या, भावावर लिहिणारे, कारण रद्दी महागली की आमचा रेट महिन्याभरात हलतो. मोठ्या फूड कंपन्यांचे पॅकेजिंग हेड, ज्यांना मी कोण हे माहीत असायचं काहीच कारण नाही. आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगसारख्या संस्था. ही संस्था १९६६ पासूनची, अंधेरीच्या एमआयडीसीत, म्हणजे आमच्या शेजारातच. संस्था असो की कंपनी, तिच्या पेजला फॉलोच करता येतं, कनेक्ट होता येत नाही. पण खोक्याचं टेस्टिंग करून घ्यायला गेलात आणि लॅबमधल्या कुणी दहा मिनिटं उभं राहून बर्स्टिंग फॅक्टर (बीएफ, म्हणजे कागद फाटेपर्यंत किती दाब सोसतो त्याचं माप) समजावून सांगितला, तर तो माणूस कनेक्ट करण्यासारखा. संस्थेला फॉलो आणि तिथल्या माणसाला कनेक्ट, असं एकाच पत्त्यावर दोन्ही जमतं.

भाच्याने विचारलं, "पण ओळखायचं कसं?" मी त्याला दोन प्रश्न दिले. उद्या सकाळी ह्याचा फोन आला तर "कोण बोलतंय?" विचारावं लागेल का? आणि ह्याने माझ्या पार्टीला माझं नाव सांगितलं तर मला चालेल का? दुसरा प्रश्न जास्त कामाचा. पहिल्याचं उत्तर कधीकधी "हो, विचारावं लागेल" असलं तरी माणूस घेण्यासारखा असतो.

कारण अगदी जवळच्यांशीच कनेक्ट व्हायचं म्हटलं, तर त्यातही तोटा आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोकांना ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. साधं आहे, माझ्या मेहुण्याला जे माहीत आहे ते मलाही माहीत असतं. पुढे लिंक्डइननेच पाच वर्षं दोन कोटींहून जास्त लोकांवर प्रयोग केला. 'यांना तुम्ही ओळखत असाल' म्हणून जी नावं सुचवतात, ती कुणाला कशी दाखवायची हे बदलून पाहिलं. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आला: नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडली ती मध्यम सैल ओळख. फार घट्ट नाही, आणि अगदीच परकीही नाही.

मात्र त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. सैल ओळखीचा फायदा जास्त दिसला तो डिजिटल कामं जास्त असलेल्या क्षेत्रांत. जिथे तसं काम कमी, तिथे घट्ट ओळखीच पुढे होत्या. अभ्यास नोकऱ्यांचा होता, ऑर्डरचा नव्हे, तरी मला ते पटलं. वेबसाइट बनवणाऱ्याला बंगळुरूचा अर्धवट ओळखीचा माणूस काम देऊन टाकेल. खोकी घेणारा आधी विचारतो, "माल कुणाकुणाला जातो तुमचा?" आणि मग त्यातल्या एकाला फोन लावतो. इन्स्टाग्रामवर बघून दोन लाख फॉलोअरवाल्याचा सल्ला आमच्या गाळ्याला लावायचा, हे म्हणूनच भाच्याला मी करू देत नाही. तो नाक मुरडतो.

फॉलोवरून कनेक्टवर जायला वाट असते. एका मोठ्या मसालेवाल्या कंपनीच्या पॅकेजिंगवाल्या बाईंना मी आठ महिने नुसतं फॉलो करत होतो. त्यांनी एकदा लिहिलं की पावसाळ्यात खोकी बसतात, थर कोसळतात. मी खाली दोन ओळी लिहिल्या: १८ बीएफच्या कागदाऐवजी वरचा थर २२ चा घ्या आणि गोडाऊनमध्ये पॅलेट भिंतीपासून लांब ठेवा. त्यांनी उलट प्रश्न विचारला. मग गोरेगावला नेस्कोच्या एका प्रदर्शनात गाठ पडली आणि त्या रात्री रिक्वेस्ट पाठवली, सोबत चिठ्ठी: "मॅडम, आज स्टॉलवर ओल्या खोक्यांबद्दल बोललो तो मी." एवढंच. रेट नाही, कॅटलॉग नाही. अजून ऑर्डर आलेली नाही, पण सॅम्पल मागवलीत.

बाकीच्या ॲपवर हाच भेद वेगळ्या नावांनी आहे. फेसबुकवर फ्रेंड पाच हजारांवर जात नाहीत, पेजच्या फॉलोअरना तशी मर्यादा नाही, म्हणून धंदा पेजवर ठेवायचा. इन्स्टाग्रामवर फॉलोच. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची, पण मेसेज पोचतो फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांना. तेव्हा तिथलं कनेक्ट म्हणजे समोरच्याने नंबर सेव्ह करणं. लिंक्डइनवर ५०० च्या पुढे गेलं की आकड्याऐवजी नुसतं '५००+' दिसतं. कमाल तीस हजार. एवढ्यांना चहा पाजायला मला तरी वेळ नाही.

त्या चौऱ्याऐंशीचं शेवटी काय झालं? अर्ध्याहून जास्त कर्जवाले, विमेवाले आणि 'तुमची वेबसाइट गूगलवर पहिली आणतो'वाले. त्यांना इग्नोर; पाठवणाऱ्याला तसं कळत नाही, म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. खोकेवाले सात. भाच्याला सांगितलं, ह्यांतल्या चांगलं लिहिणाऱ्या दोघांना फॉलो कर. अकरा ॲक्सेप्ट झाल्या.

त्यातली एक चार महिने पडून होती. फोटो धूसर, नाव ओळखीचं. आमच्याकडे पंचिंगवर असलेला मुलगा, आता वापीच्या एका पेपर मिलमध्ये डिस्पॅच बघतो. भाचा म्हणाला, "ह्याचा काय उपयोग?" मी ॲक्सेप्ट करून तिथल्या तिथे फोन लावला. आधी आईची चौकशी झाली, मग पगाराची. ठेवता ठेवता तो म्हणाला, "शेठ, क्राफ्ट उचलायचा असेल तर ह्या आठवड्यात उचला."

सोमवारी सकाळी आठ टन बुक केला.