स्वादुपिंडाची वाढ आणि कच्चं सोयाबीन

१९०२च्या जानेवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञ मेहुण्या-मेहुण्यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले आणि तिथे आम्ल सोडलं. स्वादुपिंडाला निरोप जातो तो मज्जातंतूंवाटेच, असं रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचं मत. ते खरं असतं तर काहीच घडायला नको होतं. पण स्वादुपिंडातून पाचक रस पाझरला. मग आतड्याचं अस्तर खरवडून, वाळू आणि आम्लासोबत घोटून, गाळून रक्तात टोचलं, पुन्हा रस! रक्तातून निरोप नेणारं हे रसायन म्हणजे सिक्रेटिन. अशा रसायनांसाठी 'हॉर्मोन' (संप्रेरक) हा शब्द स्टार्लिंगने वापरला तो नंतर, १९०५ साली.

पुढे १९२८ मध्ये पित्ताशय आवळणारं कोलेसिस्टोकायनिन सापडलं, १९४३ मध्ये स्वादुपिंडातून पाचक विकरं (एन्झाइम) सोडवणारं पॅन्क्रिओझायमिन. दोन्ही एकच, हे स्टॉकहोममध्ये योर्पेस आणि मुट यांनी डुकरांच्या आतड्यांपासून ते शुद्ध करून दाखवलं. या सगळ्या शोधांत लक्ष रसावरच होतं.

ग्रंथीच्या वाढीचा प्रश्न आला तो कोंबड्यांच्या खाद्यातून. कच्चं सोयाबीन खाणाऱ्या पिल्लांचं स्वादुपिंड भलतंच मोठं होतं, हे १९४०च्या दशकात दिसलं. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातल्या प्रथिनं पचवणाऱ्या विकराला, अडवणारं प्रथिन असतं. (शिजवलं की ते बरंचसं निकामी होतं.) पुढचं कोडं उंदरांवरच्या प्रयोगांत सुटलं: आतड्यात ट्रिप्सिन मोकळं असलं की कोलेसिस्टोकायनिनला लगाम बसतो; ते अडकलं की लगाम सुटतो. ग्रंथी राबत राहते आणि राबता राबता वाढते. हे संप्रेरक नुसतं टोचूनही उंदरांचं स्वादुपिंड वाढतं, हे १९६०च्या दशकाअखेर दिसलं. पेशी आकाराने फुगतात, संख्येनेही वाढतात. सोबत सिक्रेटिन दिलं तर परिणाम आणखी ठळक. ग्रंथीचा भाग काढून टाकल्यावर किंवा तिला सूज आणल्यावर होणाऱ्या भरपाईलाही कोलेसिस्टोकायनिनने वेग येतो.

उंदरांमध्ये, हं. माणसाच्या विकरं बनवणाऱ्या पेशींवर या संप्रेरकाचे ग्राही (त्याचा निरोप टिपणारे रेणू) फार थोडे आढळतात, आणि त्याचा निरोप बराचसा मज्जातंतूंवाटेच पोचतो असं पुष्कळ संशोधक मानतात. वाद अजून मिटलेला नाही, पण पाव्हलॉव्ह अगदीच चुकला नव्हता म्हणायचा!

इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची कथाही तशीच. जीएलपी-१ या आतड्यातल्या संप्रेरकासारखं काम करणारं, गिला मॉन्स्टर सरड्याच्या लाळेतलं एक्झेंडिन-४ दिल्यावर, स्वादुपिंडाचा बराचसा भाग काढलेल्या उंदरांत नव्या बीटा पेशी तयार झाल्या, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. आशा फार वाढल्या. पुढे हाच प्रकार म्हाताऱ्या उंदरांवर करून पाहिला, तेव्हा पेशी फारशा वाढल्याच नाहीत.