पत्र्यांची जुळवणी (मोटारगाडी)

किरकोळ ठोकरीनंतर मोटारगाडीचे बोनेट, मडगार्ड, दार, डिकी आणि बंपर पुन्हा एकमेकांशी सारख्या फटीत व सारख्या पातळीत बसवण्याच्या कामाला पत्र्यांची जुळवणी म्हणता येईल. नागपुरात कामठी रोड असो की वाडी, गॅरेजमध्ये हे काम ‘डेंटिंग-पेंटिंग’च्या एकाच बिलात येते. त्यामुळे ते वेगळे काम आहे हे बहुतेक मालकांच्या ध्यानातच येत नाही. डेंट काढला की पत्र्याचा आकार परत येतो, पण जागा परत येते ती जुळवणीने. आकार आला आणि जागा राहून गेली, तर रंग कितीही चकाकला तरी गाडी वाकडी दिसते. कधी कधी ती खरोखरच वाकडी असते.

कारखान्यातून आलेल्या गाडीत दोन पत्र्यांमधली फट साधारण ३ ते ५ मिलिमीटर असते. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो, पण डावी-उजवी फट सारखी आणि वरपासून खालपर्यंत एकसमान असावी हा नियम सगळीकडे एकच. कडा एकमेकींना घासू नयेत आणि तापल्यावर पत्र्याला फुलायला जागा मिळावी म्हणून ही फट ठेवतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. तरीही एक मीटर पोलादी पत्रा ४० अंशांच्या फरकाने जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो. खरी अडचण प्लास्टिकच्या बंपरची आहे, कारण तो पोलादापेक्षा कितीतरी पट जास्त फुलतो. डिसेंबरच्या थंडीत ताणून, फट न सोडता बसवलेला बंपर उन्हाळ्यात मडगार्डपाशी फुगतो आणि कोपऱ्यातली क्लिप सोडतो. म्हणून बंपरची शेवटची बसवणी सावलीत, पत्रा निवाल्यावर करावी.

जुळवणीला हात घालण्याआधी फटी वाचाव्या लागतात. बोनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटी एकाच दिशेने तिरक्या झाल्या असतील, तर दोष बोनेटचा नसतो. रेडिएटर धरणारा पुढचा आडवा सांगाडा बाजूला सरकलेला असतो आणि मडगार्डची टोके त्याच्याबरोबर गेलेली असतात. मडगार्ड आणि पुढचे दार यांमधली फट बुजली असेल, तर मडगार्ड मागे रेटले गेले आहे. अशा वेळी दार उघडताना कर्र असा आवाज येतो आणि कडेचा रंग उडतो. दाराची छताकडची किंवा मागच्या पत्र्याकडची फटही बदलली असेल, तर धक्का दाराच्या बिजागऱ्या धरणाऱ्या खांबापर्यंत पोहोचला आहे. त्या ठोकरीला किरकोळ म्हणू नये. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते, पत्र्याचे कवच हाच सांगाडा असतो. त्यामुळे बंपर काढून कर्णमापे घ्यावीत. डाव्या सस्पेन्शन टॉवरच्या (चाकाचा शॉकअब्सॉर्बर वर जिथे बसतो त्या पत्र्याच्या उंचवट्याच्या) बोल्टपासून सांगाड्याच्या उजव्या पुढच्या टोकापर्यंत एक आणि त्याच्या उलट दुसरे. दोन मापांत ३ मिलिमीटरहून जास्त फरक निघाला, तर आधी सांगाडा खेचून सरळ करणे भाग आहे.

काम कुठून सुरू करायचे यावरून डेंटरची पारख होते. ठोकर पुढे बसली म्हणून पुढूनच सुरुवात केली, तर फटी शेवटपर्यंत एकमेकींच्या मागे पळत राहतात. जे हलत नाही तिथून सुरुवात करायची असते. छत आणि मागचा बाजूचा पत्रा वेल्डिंगने पक्के असतात. त्यांच्याशी मागचे दार, मागच्या दाराशी पुढचे दार, पुढच्या दाराशी मडगार्ड, दोन्ही मडगार्डांच्या मध्ये बोनेट आणि सगळ्यात शेवटी दिवे व बंपर. दारे जागेवर असतील तर ती नुसती तपासून पुढे जायचे, उगाच सैल करायची नाहीत.

सगळ्यात चंचल भाग बोनेटचा. बिजागऱ्यांच्या बोल्टची भोके मुद्दाम मोठी ठेवलेली असतात, त्यामुळे पत्रा काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकतो. बोल्ट सैल करण्याआधी त्याच्याभोवती पेनाने रेघ ओढून ठेवावी, म्हणजे किती सरकवले ते दिसते आणि चुकले तर परत येता येते. पुढचे लॉक आधी सोडून बाजूला करावे. ते तसेच ठेवले तर बंद होताना बोनेटला स्वतःकडे ओढते आणि फट खोटी दिसते. मग बोनेट हळूच टेकवायचे, फट पाहायची, उचलायचे, केसभर सरकवायचे, पुन्हा टेकवायचे. दहा-बारा वेळा हे चालते. मागची उंची बिजागरीवर ठरते, पुढची कोपऱ्यांतल्या रबरी बफरवर. बफर अर्धा-अर्धा फेरा फिरवून पाहावा. पातळी आली की नाही हे डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळते. मुरलेला डेंटर मऊ फडके पत्र्यावर ठेवून त्यावरून तळवा मडगार्डकडून बोनेटकडे फिरवतो, आणि अर्ध्या मिलिमीटरची पायरीही त्याच्या बोटांना लागते. लॉक शेवटी बसवायचे. फूटभर उंचीवरून सोडलेले बोनेट एकाच आवाजात बंद व्हावे आणि पुढची कड वर ओढली तर हलू नये. आतली दांडी ओढल्यावरही दुसरी सुरक्षा-कडी त्याला धरून ठेवते ना, हे न पाहता गाडी देऊ नये. नागपूरहून सुटणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा देतो. त्या वेगात अर्धवट अडकलेले बोनेट उघडून काचेवर आदळले, तर चालकाला समोरचे काहीच दिसत नाही.

रस्त्याकाठी गाडीला साखळी लावून ती झाडाला बांधायची आणि गाडी रिव्हर्स घेऊन पुढचा भाग ओढायचा, ही पद्धत अजून दिसते. तिने एक कोपरा बाहेर येतो, पण ओढ किती आणि कोणत्या दिशेने बसली याला माप नसते. पोलाद ओढल्यावर थोडे परत फिरते, म्हणून गॅरेजमध्ये मोजून किंचित जास्त ओढतात आणि सोडून पुन्हा मोजतात. गॅस लावून पत्रा लाल करणे त्याहून घातक. नव्या गाड्यांच्या सांगाड्यातले उच्च-ताकदीचे पोलाद तापले की कमकुवत होते, जस्ताचा थर जळतो आणि दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो. पुट्टीचा जाड थर देऊन फट अरुंद करणे ही तर उघड फसवणूक आहे. खड्ड्यात चाक आदळले की ती कड तडकते.

पुढच्या सांगाड्यावर दिवे असतात आणि बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचे सेन्सरही. बंपरमागे रडार असलेल्या गाडीत जुळवणीनंतर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा-माप पुन्हा जुळवणे, करून घ्यावे लागते. दिव्यांचा झोत रात्री भिंतीवर पाडून तपासावा.

विम्याच्या दाव्यात प्लास्टिकच्या नव्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, मजुरीवर मात्र नाही. म्हणून कोटेशनमध्ये जुळवणीची मजुरी वेगळी लिहून घेणे मालकाच्या हिताचे. बंपर उघडल्यावर आतले नुकसान दिसले, तर हातोडा लावण्याआधी ते सर्व्हेअरला दाखवावे.

जुनी गाडी पाहायला गेलेला जाणकार बोनेट उचलून मडगार्डचे बोल्ट पाहतो. डोक्यावरचा रंग तुटलेला असेल, तर तो पत्रा एकदा निघाला आहे. तेवढ्यावरून गाडी टाकून देऊ नये. शेजारी वॉशरचा जुना ठसा शोधावा. बोल्ट त्या ठशापासून एक-दोन मिलिमीटर सरकला असेल तर ती साधी जुळवणी आहे. भोक कानशीने लांबट केलेले असेल, तर सांगाडा वाकलेलाच ठेवून पत्रा त्याला जमवून घेतला आहे.