साचलेले कोमट पाणी आणि ब्रिटनमधील घरमालक

भाडेकरू सोडून गेला आणि घर महिनाभर रिकामे राहिले, की शॉवरच्या नळीत उरलेले पाणी तसेच पडून राहते. शॉवरच्या भोकांभोवती क्षारांचा पांढरा थर धरलेला असतो आणि नळीच्या आतली बाजू बुळबुळीत झालेली असते. ‘लेजिओनेला’ या जिवाणूला अशी जागा फार मानवते.

१९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. तिथे गेलेल्यांपैकी अनेकांना विचित्र न्यूमोनियाने गाठले आणि कित्येक जण दगावले. पुढच्या जानेवारीत अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जोसेफ मॅकडेड यांनी त्या आजाराला कारणीभूत असलेला हाच जिवाणू शोधून काढला. तो नद्या-तळ्यांतही थोड्या प्रमाणात असतोच. मात्र २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या स्थिर पाण्यात, गंज आणि गाळाच्या आधाराने, तो झपाट्याने वाढतो. पाण्यातला अमीबा त्याला गिळतो खरा, पण पचवू शकत नाही. उलट जिवाणूच त्याच्या पेशीत वाढतो, आणि आपल्या फुप्फुसांतील भक्षक पेशींनाही तो असाच चकवतो. त्यामुळे धोका पाण्याच्या घोटापेक्षा श्वासाबरोबर आत जाणाऱ्या सूक्ष्म तुषारांत अधिक असतो, विशेषतः वयस्कर माणसांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे त्यांना.

ब्रिटनमध्ये १९७४ चा कामाच्या ठिकाणचा आरोग्य व सुरक्षा कायदा आणि घातक पदार्थांविषयीचे २००२ चे नियम यांनुसार, घर भाड्याने देणाऱ्याने हा धोका तपासून तो आटोक्यात ठेवणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात हे काम फारसे अवघड नाही. गरम पाण्याच्या टाकीचा थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवावा, थंड पाणी २० अंशांखाली राहील असे पाहावे, थंड पाण्याच्या टाकीवर घट्ट झाकण असावे आणि वापरात नसलेल्या, पाणी नुसते तुंबून राहणाऱ्या पाइपच्या फांद्या काढून टाकाव्यात. अर्थात ६० अंशांचे पाणी अंगावर आले तर भाजते, त्यामुळे लहान मुले किंवा वृद्ध राहत असतील तिथे नळाजवळ गरम-थंड पाणी मिसळून तापमान नियंत्रित करणारी मिश्रक झडप बसवणे शहाणपणाचे ठरते. साठवणुकीची टाकीच नसलेल्या, लागेल तेव्हाच पाणी तापवणारा कॉम्बी बॉयलर असलेल्या लहान घरात बहुधा धोका कमी आहे एवढाच निष्कर्ष निघतो.

याच ठिकाणी काही सल्लागार घरमालकांना घाबरवून सोडतात. ‘लेजिओनेला प्रमाणपत्र’ घेतलेच पाहिजे असे ते सांगतात; वास्तविक कायद्याला असे कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही, आणि साध्या घरगुती व्यवस्थेत पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्याचीही सहसा गरज नसते. स्वतःच्या घरातले पाणी कुठून येते, कुठे साठते आणि कुठे थांबते हे ज्याला ठाऊक आहे, असा घरमालक धोक्याची ही पाहणी स्वतःही करू शकतो.

नवा भाडेकरू येण्यापूर्वी मात्र सगळे नळ काही मिनिटे वाहू द्यावेत. शॉवर सोडताना त्याचे तोंड पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवावे, म्हणजे ज्या तुषारांपासून इतरांना वाचवायचे आहे, ते सोडणाऱ्याच्याच नाकात जाणार नाहीत.